सिनेमा-कादंबऱ्यांतल्या दुष्ट कंपन्यांना हिशेब येत नाही का?

मीठभाकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एक विज्ञानकथा लिहायला घेतली आहे आणि खलनायकापाशी गाडी अडली आहे. खलनायक माणूस नाही, कंपनी आहे. कथानक थोडक्यात असं: दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्यात एक बडी पाणी-कंपनी विहिरी आणि बोअर गुपचूप नासवते, मग तिथल्या चाळीस हजार लोकांना तेच पाणी शुद्ध करून विकते, आणि कुणाला संशय आलाच तर त्याचा काटा काढते. सरकारही आतून सामील. कच्चा खर्डा वाचणाऱ्याचा पहिलाच प्रश्न: "एवढा उपद्व्याप कशाला करेल कुणी?"

मग त्याच नजरेने गाजलेली उदाहरणं पाहिली तर तिथेही तीच बोंब. 'एलियन'मधली कंपनी एका जनावरापायी दोन कोटी टन खनिज आणि अख्खं यान पणाला लावते. 'हंगर गेम्स'मधलं सरकार दरवर्षी तेवीस पोरं टीव्हीवर मारतं आणि वर अपेक्षा ठेवतं की लोक गप्प बसतील. व्हिडिओ गेममधल्या औषध कंपन्या असा विषाणू बनवतात की गिऱ्हाईकच शिल्लक राहत नाही.

खरी सरकारं आणि खऱ्या कंपन्या वाईट वागतात तेव्हा आतलं गणित कसं चालतं? आणि कथेतलं नेमकं कुठे चुकतं? "सिनेमा आहे, सोडून द्या" हा प्रतिसाद कृपया नको.

टिपणीबहाद्दर

मूळ चूक एकच. लेखक संस्थेला एक डोकं देतो आणि तिच्या खिशाला तळ ठेवत नाही. खरी संस्था म्हणजे शंभर टेबलं. प्रत्येक टेबलाला आपल्यापुरतं दिसतं, आपल्यापुरती भीती असते आणि मार्चअखेर गाठायची असते.

कथेतल्या प्रत्येक काळ्या कामापुढे तीन रकाने आखा. सही कुणाची? पैसा कुठल्या हेडखाली? बोंब झाली तर निलंबन कुणाचं? आता हे 'विहिरी नासवणे'ला लावून बघा. खर्च वहीत दिसता कामा नये, म्हणजे रोकड हवी. रोकड काढायची तर खोटी बिलं हवीत, आणि बिलांसाठी एखादा माती-मुरुमाचा ठेकेदार. त्याचा मुनीम, रात्री गाडी नेणारा चालक, त्याचा क्लीनर, कोण बघतंय का म्हणून उभा केलेला गडी. विहिरी शेदोनशे. पावसाळ्यात पाणी भरलं की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत निम्म्या तालुक्याला खबर, आणि त्यांतल्या एकाने जरी दर वाढवून मागितला तरी कंपनी त्याच्या मुठीत. कथेतला व्यवस्थापक मग त्याला गाडीखाली घालतो, आणि ते झाकायला आणखी चार माणसं लागतात. खरा व्यवस्थापक पहिल्याच बैठकीत "हे लेखी देऊ नका" म्हणेल आणि विषय तिथेच मरेल.

सरकारकडे तर हे आणखी अवघड. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, बिल. इतक्या सह्यांमधून कट पुढे सरकत नाही. मात्र ह्याच सह्यांमध्ये एखादी फाईल सहा महिने पडून राहू शकते, आणि त्यासाठी कुणाला कट करावा लागत नाही. 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' एवढा शेरा पुरतो. मला तुमचं दुष्ट सरकार त्या शेऱ्यात दिसतं. काळ्या गाड्यांच्या ताफ्यात नाही.

रात्रपाळी

'एलियन'वर (१९७९) थोडा अन्याय होतोय. त्यात कंपनीच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक अस्सल आणि एक ढिली, आणि लोक नेहमी ढिलीवरच बोलतात.

अस्सल म्हणजे करारातलं कलम. सात जणांचं मालवाहू यान, मागे शुद्धीकरणाचा कारखाना ओढत चाललेलं. वाटेत संदेश मिळतो. कर्मचारी म्हणतात, आमचं काम मालवाहतुकीचं आहे, शोधमोहिमेचं नाही. तेव्हा त्यांना कलम वाचून दाखवतात: बुद्धिमान जिवांकडून आल्यासारखा कुठलाही संकेत मिळाला तर तपास करणं बंधनकारक, न केल्यास सगळा वाटा जप्त. संपला वाद. बंदूक नाही, धमकी नाही. जो माणूस दोन मिनिटांपूर्वी बोनसवरून कुरकुरत होता तोच निमूट खाली उतरतो. कंपनीला त्या ग्रहावर काय आहे हे ठाऊक असायचीही गरज नाही. हे कलम सगळ्या यानांच्या सगळ्या करारांत छापून ठेवायला फुकट आहे. लागलं तर लागलं.

ढिली गोष्ट म्हणजे तो गुप्त आदेश: जीव परत आणा, बाकी सगळं दुय्यम, माणसं गेली तरी चालतील. इथे रकाने भरत नाहीत. निघण्याच्या दोन दिवस आधी विज्ञान अधिकारी बदलला, म्हणजे वरच्या कुणाला तरी आधीच कुणकुण होती. मग त्याच पैशात दहा तज्ज्ञ, पिंजरा आणि विलगीकरणाची सोय असलेलं छोटं यान का नाही पाठवलं? पुढच्या भागात चौकशी समिती यानाची किंमत चार कोटी वीस लाख डॉलर सांगते, तीही आतला माल सोडून. ज्या खात्याने हे गमावलं त्याचा प्रमुख भागधारकांना काय सांगणार?

आणि गंमत बघा, 'एलियन्स'ने (१९८६) हे भोक बुजवलं आहे. तिथे सगळा उद्योग कंपनीचा नाही, मधल्या फळीतल्या एका माणसाचा. तो वसाहतीला जागेचा पत्ता कळवतो आणि धोका कळवत नाही. का, तर धोका कळवला की प्रशासन मध्ये पडणार आणि शोधावरचा एकट्याचा हक्क जाणार. पुढे विलगीकरणातून जीव पार करायचा म्हणून तो आणखी खोल जातो. त्याचं प्रत्येक पाऊल त्याच्यापुरतं शहाणपणाचं आहे. कंपनीच्या दृष्टीने ते आत्मघातकी, पण कंपनीला त्याने विचारलंय कुठे? मालकाचं हित वेगळं आणि गुमास्त्याचं वेगळं, ही खलनायकीची सगळ्यात भरवशाची खाण आहे.

बाराहजारी

धागाकर्त्याच्या कथेचं आधी अंकगणित करू, मग तत्त्वज्ञान.

४०,००० लोक म्हणजे पाच माणसांच्या हिशेबाने ८,००० घरं. प्यायला-स्वयंपाकाला घरटी रोज वीस लिटरचा एक जार. दर पाच रुपये धरू. प्रत्येक घराने, एकही दिवस न चुकवता, जार घेतला तरी दिवसाला चाळीस हजार रुपये, वर्षाला एक कोटी सेहेचाळीस लाख. त्यातून वीज, मेंब्रेन, फिल्टरच्या कांड्या, मोटर, पोरांचा पगार, जागेचं भाडं वजा करा. आणि प्रत्यक्षात निम्मी घरं घेतली तर पुष्कळ.

'बडी कंपनी' एवढ्यासाठी खून पाडणार? तिच्या मुख्यालयात चहापाण्याचा खर्च ह्याहून मोठा असेल. चूक इथे आहे: लूट केवढी आणि लुटारू केवढा हे जुळत नाही. दीड कोटी हा तालुक्याच्या माणसाचा आकडा आहे. ज्याचे दोन डंपर, एक पेट्रोल पंप आणि पंचायत समितीत एक मेहुणा आहे त्याचा.

त्याला विहिरी नासवायचीही गरज नाही. प्रादेशिक पाणीपुरवठा योजना वीजबिल थकून बंद पडते. पंप जळाला की अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. ह्यात दोन-तीन महिने सहज जातात. ह्या काळात टँकर चालतात. टंचाईत माणशी वीस लिटर धरले तर ४०,००० लोकांना रोज आठ लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या ८० फेऱ्या. फेरीला समजा दोन हजार धरले (आकडा उदाहरणापुरता) तर दिवसाला एक लाख साठ हजार, १२० दिवसांत एक कोटी ब्याण्णव लाख. म्हणजे वर्षभर जार विकून मिळतं त्याच्याहून जास्त एका उन्हाळ्यात, आणि देणारं सरकार, म्हणजे गिऱ्हाईक पैसे बुडवणार नाही, फक्त उशिरा देईल.

चोरी कशी होते तर लॉगबुकात. गावात दोन फेऱ्या आल्या, लिहिल्या तीन. सही घ्यायला चालक जातो तेव्हा टाकीपाशी बाया हंडे घेऊन भांडत असतात, सही करणाऱ्याला तिथून सुटायचं असतं. दुसरा प्रकार: दहा हजाराच्या टाकीत आठ हजारच भरायचं, झाकण उघडून बघतो कोण. गाडीवर जीपीएस बसवलं तर गाडी फिरते, पाणी फिरत नाही. रिकामी गाडीही नकाशावर भरलेल्या गाडीसारखीच दिसते.

ह्या कथेत कुणी कुणाला मारत नाही. फक्त पंप दुरुस्त व्हायची घाई कुणालाच नसते.

जुनी_वखार

बाराहजारींचा टँकर बघून कंपनी बहादुरांची आठवण आली. दुष्ट कंपनी लिहायची तर ईस्ट इंडिया कंपनीचा अफूचा धंदा अभ्यासावा. त्यातली मांडणी इतकी सफाईदार आहे की कुठल्याही पटकथाकाराला सुचायची नाही.

अडचण अशी होती. इंग्लंडला चिनी चहा हवा, चीनला बदल्यात चांदी हवी, आणि चांदी किती दिवस पुरवणार. अफू चीनमध्ये खपते, पण तिथे तिच्यावर बंदी. कंपनीच्या जहाजावर अफू सापडली तर कँटन ह्या चिनी बंदरातला चहा बंद. मग कंपनीने काय केलं? बंगाल-बिहारमधल्या शेतकऱ्यांना आगाऊ उचल देऊन खसखस लावायला लावली, बोंडांचा चीक पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत आणून गोळे केले, पेट्या भरल्या (एका पेटीत सुमारे १४० पौंड), आणि कलकत्त्याला जाहीर लिलावात विकल्या. तिथे कंपनीचा संबंध संपला. कागदोपत्री. लिलावात घेणारे खाजगी व्यापारी. त्यांची जहाजं, त्यांची जोखीम, त्यांची लाचलुचपत. चीनच्या किनाऱ्याबाहेर माल उतरला की चांदी हातात. ही चांदी घरी कशी न्यायची? तर कँटनला कंपनीच्याच खजिन्यात भरायची आणि बदल्यात लंडन-कलकत्त्यावरची हुंडी घ्यायची. त्या चांदीतून कंपनी चहा घेई. अफू विकली, चांदी आली, चहा गेला, आणि कंपनीच्या एकाही जहाजाने अफूला हात लावला नाही!

इथे काटा काढणारे मारेकरी नाहीत, भुयारातली प्रयोगशाळा नाही. लिलाव करणारा कारकून, उचल वाटणारा अंमलदार, हुंडी लिहिणारा खजिनदार. प्रत्येकाचं काम स्वच्छ.

ह्यात आपल्याकडचाही धागा आहे. माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखातली, ती कंपनीच्या मक्त्याबाहेर. कंपनीने आधी ती अडवून आणि विकत घेऊन पाहिली. व्यापाऱ्यांनी लांबचा वळसा घेऊन माल सिंधमधून कराचीला आणि तिथून पोर्तुगिजांच्या दमणला नेला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने नाद सोडला, माल मुंबईवरून जाऊ दिला आणि पासाची फी घ्यायला लागली. १८४३ मध्ये सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली, आणि मग फी वाढत गेली. मुंबईतल्या कितीतरी नामवंत पेढ्या ह्याच मालावर उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव, आणि त्यांच्या दानातून उभं राहिलेलं रुग्णालय आजही चालू आहे. कथेत लेखक असा माणूस ठेवत नाहीत, कारण त्याच्यावर चिडावं की त्याला नमस्कार करावा हे वाचकाला कळत नाही.

आणि 'सरकार कंपनीच्या खिशात' हेही एका बाजूनेच खरं. १७७३ मध्ये कंपनी बुडायला आली तेव्हा ब्रिटिश सरकारने तिला १४ लाख पौंड कर्ज दिलं आणि त्याच वर्षी नियामक कायदा करून गळ्यात दोरीही बांधली. संसदेतल्या किती जणांकडे कंपनीचे समभाग होते हे लक्षात घेतलं तर कोण कुणाच्या खिशात हे सांगणं कठीण.

पोस्टकार्ड

सरकारांकडे वळू. कथेतली सरकारं दोन गोष्टी फुकट धरतात: पाळत आणि दहशत.

पाळतीचा हिशेब सोपा आहे. एका माणसामागे चोवीस तास राहायचं तर तीन पाळ्या. एका पाळीला किमान पाच माणसं लागतात, कारण तोच चेहरा दिवसात तिसऱ्यांदा दिसला की संपलं. झाली पंधरा. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण धरून वीस. हे फक्त रस्त्यावरचे. ऐकणारे, टाइप करणारे, ते वाचून पुढे पाठवणारे वेगळे. पूर्व जर्मनीच्या स्टासी ह्या गुप्त पोलीस खात्याकडे १९८९ मध्ये सुमारे ९१,००० पगारी नोकर आणि सुमारे १,८९,००० खबरे होते. लोकसंख्या एक कोटी चौसष्ट लाखांच्या आसपास. म्हणजे साधारण प्रत्येक ५९ माणसांमागे एक. त्यातले पगारी नोकर तरी कारखान्यात, शेतात नव्हते. त्यांनी शंभर किलोमीटरहून लांब भरतील इतक्या फायली जमवल्या, आणि त्या फायलींना बर्लिनची भिंत पडणार हे कळलं नाही. शेवटी यंत्रं पुरेनात म्हणून हातांनी कागद फाडले, त्याची सुमारे १६,००० पोती सापडली.

म्हणूनच '१९८४' ह्या कादंबरीतलं सरकार लोक समजतात त्यापेक्षा हुशार आहे. ते सगळ्यांवर पाळत ठेवतच नाही. पंच्याऐंशी टक्के कष्टकरी जनतेपैकी बहुतेकांच्या घरात पाळत ठेवणारा पडदाच नाही. पाळत आहे ती पक्षाच्या माणसांवर, म्हणजे ज्यांच्या हातात फायली आहेत त्यांच्यावर. खर्च वाचतो आणि धोका जिथून आहे तिथेच डोळा राहतो. सिनेमेवाले नेमकं हे गाळून शहरभर कॅमेरे लावतात.

'हंगर गेम्स'चं उलटं. त्यातली लहान गोष्ट चोख, मोठी कच्ची. चोख काय, तर धान्याची चिठ्ठी. बारा ते अठरा वयाच्या पोराने मरायला कोण जाणार ह्या सोडतीत आपलं नाव जास्त वेळा घालायचं आणि एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य-तेल घ्यायचं. चिठ्ठ्या दरवर्षी साचत जातात. म्हणजे गरीब घरातलं पोर निवडलं जाण्याची शक्यता वाढते आणि त्याच गावातल्या दुकानदाराच्या पोराची कमी. गाव आपसात फुटतं. खर्च काय, थोडं धान्य. ही युक्ती काढणारा माणूस कुठल्याही खऱ्या सरकारने चढ्या पगारावर ठेवून घेतला असता. तिथले शिपाई चोरटी शिकार विकत घेतात, कुंपणात वीज बहुतेक वेळा नसतेच, हेही अस्सल.

कच्चं काय, तर तमाशा. सरकारांनी फाशी चौकातून उचलून तुरुंगाच्या भिंतीआड नेली ती काही दया आली म्हणून नव्हे. ब्रिटनने १८६८ मध्ये नेली, फ्रान्सने १९३९ मध्ये. गर्दी काय करेल ह्याचा भरवसा नसतो. मेलेला माणूस कधी हुतात्मा होतो, कधी जत्रा होते. पंचाहत्तर वर्षं दरसाल देशभर एकाच वेळी सगळ्यांना एकाच गोष्टीचा राग यावा अशी सोय करणारं सरकार म्हणजे विरोधकांचा प्रचारविभाग स्वतःच्या खर्चाने चालवणारं सरकार. लोकांना जागेला बांधायचंच असेल तर कागद पुरतो. सोव्हिएत संघाने १९३२ मध्ये अंतर्गत पासपोर्ट काढला आणि सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना तो सरसकट दिलाच नाही. पासपोर्ट नाही तर शहरात राहता येत नाही. ही स्थिती बदलायचा निर्णय १९७४ मध्ये झाला. चाळीस वर्षं.

बारा जिल्ह्यांना एकेकच धंदा वाटून देणं हा मात्र धोक्याचा खेळ. कोळसा एकाच जिल्ह्यात, लोकवस्ती जेमतेम आठ हजार. तिथे संप झाला की राजधानीचा कोळसा बंद. खरा जुलमी राजा प्रत्येक गोष्टीचे दोन पुरवठादार ठेवतो आणि त्यांना एकमेकांविरुद्ध झुंजवतो.

सातबारा

कंपन्यांच्या हिशेबाबद्दल एक लोकप्रिय उदाहरण येईलच, म्हणून आधीच सांगतो. फोर्डचा तो 'माणसाच्या जिवाची किंमत' वाला कागद. १९७७ मध्ये एका मासिकाने उजेडात आणला. आकडे असे: १८० मृत्यू, प्रत्येकी दोन लाख डॉलर, १८० गंभीर भाजलेले, प्रत्येकी ६७ हजार, २,१०० जळालेल्या गाड्या, प्रत्येकी ७०० डॉलर. बेरीज सुमारे ४ कोटी ९५ लाख. उलट बाजूला सव्वा कोटी गाड्यांना प्रत्येकी ११ डॉलरची दुरुस्ती, म्हणजे सुमारे १३ कोटी ७० लाख. म्हणून दुरुस्ती नको.

बहुतेक लोक इथे थांबतात. पण तो कागद पिंटो ह्या एका मॉडेलबद्दल नव्हता, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांबद्दल होता. पिंटोचा प्रश्न मागून धडक बसण्याचा, कागद गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीचा. आणि तो तिजोरीत लपवलेला नव्हता, प्रस्तावित नियमाला विरोध म्हणून सरकारी नियामकाला सादर केलेला होता. दोन लाखांचा आकडासुद्धा त्या नियामकाचाच. म्हणजे कंपनीने सरकारचं सूत्र घेतलं, त्यात आकडे भरले आणि सरकारला परत पाठवले.

लेखकाच्या कामाचं हे आहे. खलनायक अंधारात "त्यांना मरू दे" म्हणत नाही. तो एक्सेलमध्ये रकाना भरतो आणि सूत्र दुसऱ्या कुणीतरी मंजूर केलेलं असतं.

फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचंही तसंच. गाडी यंत्रावर तपासतात तेव्हा चाकं फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही, वेग ठराविक नमुन्याने वर-खाली होतो. संगणकाने हे ओळखलं की धूर स्वच्छ. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या. पकडलं कुणी, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी, डिकीत मोजणी यंत्र ठेवून रस्त्यावर गाडी चालवून. कंपनीने हे का केलं? कडक अमेरिकी नियम, दिलेल्या तारखा, ठरलेली किंमत आणि ठरलेलं मायलेज, चारही गोष्टी एकत्र जमेनात. त्यातली एक सोडायला हवी होती. वरच्यांना "जमत नाही" सांगण्यापेक्षा खालच्यांना सॉफ्टवेअर लिहिणं सोपं वाटलं.

गाळणी

सगळे इतके तर्कशुद्ध खलनायक मागताय, पण खऱ्या जगात निव्वळ गबाळेपणाही भरपूर आहे. विषाणूवाल्या कंपन्यांची सगळेच थट्टा करतात की एवढी मोठी प्रयोगशाळा आणि दार उघडं कसं राहिलं. एप्रिल १९७९, सोव्हिएत संघातलं स्वेर्दलोव्स्क. लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत गेले, किमान ६६ माणसं मेली. पुढे अमेरिकेत गेलेले त्या कार्यक्रमातले वरिष्ठ अधिकारी केन अलीबेक ह्यांनी सांगितलेली हकीकत अशी: हवा बाहेर सोडणाऱ्या नळावरची चोंदलेली गाळणी दुपारच्या पाळीने काढली, चिठ्ठी लिहून ठेवली, पण नोंदवहीत नोंद केली नाही. रात्रीच्या पाळीने नोंदवही पाहिली, त्यात काही नव्हतं, यंत्र सुरू केलं. सरकारने सांगितलं, दूषित मांस खाल्ल्याने झालं. नंतर मृतांचे पत्ते नकाशावर मांडले तर ते वाऱ्याच्या दिशेने एका अरुंद पट्टीत आले. मांस वाऱ्याच्या दिशेने विकलं जात नाही.

भोपाळचंही आठवा. डिसेंबर १९८४, टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट. शीतकरण यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली. वायू धुऊन काढणारी यंत्रणा राखीव म्हणून निष्क्रिय ठेवलेली. वायू जाळायच्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे कुणाच्या तरी टेबलावर 'तात्पुरती' होती.

'जुरासिक पार्क'वर म्हणूनच माझा फार राग नाही. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या एकाच नाराज प्रोग्रॅमरकडे, आणि तो नाराज का तर कमी बोलीत वीस लाख ओळींचं काम अंगावर घेतलेलं. मालक मात्र सगळीकडे सांगत सुटलाय, खर्चात काटकसर केली नाही. चूक धरायची तर वेगळी आहे. वीज गेल्यावर दार उघडायचं की बंद राहायचं हे प्रत्येक दाराला आधी ठरवावं लागतं. सिनेमागृहाचं आपत्कालीन दार उघडायला हवं, तुरुंगाचं बंद राहायला हवं. हिंस्र जनावराच्या पिंजऱ्याला विजेवर अवलंबून नसलेला अडथळा हवा: खंदक, जाड भिंत, आणि दोन दारं ज्यांतलं एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. साध्या प्राणिसंग्रहालयात हे असतं.

टिपणीबहाद्दर

गाळणी, सहमत, पण गबाळेपणा आणि तर्क ह्यांत विरोध नाही. स्वेर्दलोव्स्कच्या रात्रीच्या पाळीतल्या माणसाने नोंदवही पाहिली हे बरोबरच केलं. मूर्ख तो नव्हता, मूर्ख पद्धत होती. कथेत ही दोन वेगळी दिसायला हवीत. पात्र मूर्ख केलं की वाचक तुटतो.

सातबारा

आणि 'रोबोकॉप' (१९८७) राहिला की. बैठकीच्या खोलीत यंत्र माणसाला गोळ्या घालतं, आणि अधिकाऱ्याचं दुःख काय, तर लष्कराची खात्रीची विक्री होती, पंचवीस वर्षांच्या सुट्या भागांचं कंत्राट होतं, यंत्र चालतं की नाही ह्याची पर्वा कुणाला होती. लोक ह्याला विडंबन म्हणतात. ज्याने कधी वार्षिक देखभाल करार वाचलाय त्याला हसू येत नाही.

मीठभाकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कंपनी काढून टाकली, तालुक्याचा ठेकेदार आणला, खून गाळला. एकच अडचण उरली. कथेच्या शेवटी विहिरी खरोखर नासलेल्या मला हव्याच आहेत, शीर्षकच त्यावर आहे. पण कुणी मुद्दाम नासवत नाही म्हटल्यावर त्या नासतील कशा?

बाराहजारी

आरओ प्लांटच नासवेल.

८,००० जार म्हणजे रोज १,६०,००० लिटर शुद्ध पाणी. ताशी हजार लिटरचा प्लांट दिवसात दहा तास चालला तर असे सोळा प्लांट. गावात बसणाऱ्या साध्या प्लांटमध्ये निम्मं पाणी शुद्ध निघतं आणि निम्मं 'रिजेक्ट' म्हणून वाया जातं असं धरा. म्हणजे उपसा ३,२०,००० लिटर, वाया १,६०,०००. आलेल्या पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार ह्या वाया जाणाऱ्या निम्म्यात उतरतात. बोअरच्या पाण्यात लिटरला १,५०० मिलिग्रॅम क्षार असतील तर रिजेक्टमध्ये तीन हजाराच्या जवळ. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याला ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइडचंही तसंच, तेही दुपटीच्या आसपास जातं, आणि त्याची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम.

हे पाणी सोडायचं कुठे ह्याचा रकाना ग्रामपंचायतीच्या ठरावात नसतो. प्लांट समाजमंदिराच्या मागे, मागे नाला, नाल्याच्या काठाला जुनी विहीर. उपसा वाढल्याने भूजल खाली गेलेलं, आणि वरून हे जिरतंय. चार-पाच वर्षांत त्या विहिरीचं पाणी जिभेला कळेल. मग लोक म्हणतील, बरं झालं प्लांट आला.

रात्रपाळी

हे वाचून अंगावर काटा आला. उद्घाटनाचा नारळ फोडतानाच्या फोटोत मागे तो पाइप दिसला पाहिजे.

बाराहजारी

दिसेल, पण पांढरा नको. रिजेक्टला बहुतेक ठिकाणी शेतीतला काळा अर्धा इंची पाइप जोडतात, घरात पडलेला असतो तो. आणि त्याच्या तोंडाशी मातीवर पांढरी खपली धरते. उन्हाळ्यात बकऱ्या येऊन ती चाटतात.

मीठभाकर (धागाकर्ता)

बकऱ्या घेतल्या.